ग्रीक नाटकाचा उगम आणि रोमन नाटकाचा वारसा: तीन शंका

शोधयात्री (प्रश्न)

प्राचीन ग्रीक आणि रोमन रंगभूमीविषयी जे सर्वसाधारण लेखन वाचायला मिळते, त्यात सगळी हकिकत दोन वाक्यांत उरकलेली असते. डायोनायसस या देवतेच्या उत्सवातील समूहगीतांतून शोकांतिका जन्माला आली, हे पहिले वाक्य; आणि पुढे रोमनांनी ग्रीकांची नक्कल केली, हे दुसरे. या दोन्ही वाक्यांनी माझे समाधान होत नाही, म्हणून जाणकारांपुढे माझ्या शंका मांडतो.

पहिली शंका उगमाची. पन्नास जणांनी मिळून गायचे स्तोत्र आणि पात्रांनी एकमेकांशी बोलत पुढे न्यायचे नाटक यांत फार मोठे अंतर आहे. हे अंतर कसे कापले गेले, आणि त्याच्या खुणा आज हाती असलेल्या नाटकांत कुठे दिसतात का?

दुसरी शंका वेगाची. पूर्ण स्वरूपात टिकलेले सर्वांत जुने नाटक म्हणजे शोकांतिकाकार एस्किलसचे ‘पर्शियन’, इ.स.पू. 472 मधले. त्याच्यामागून आलेले शोकांतिकाकार सॉफोक्लिस आणि युरिपिडीस हे दोघेही इ.स.पू. 406 च्या सुमारास वारले. म्हणजे साधारण दोन पिढ्यांत, एकाच नगरात हे सारे घडले. ही तीन-चार प्रतिभावंतांची करामत मानायची, की त्यांच्या पाठीशी काही व्यवस्था उभी होती?

तिसरी शंका रोमची. तिथे ग्रीक धर्तीचे पहिले लॅटिन नाटक इ.स.पू. 240 मध्ये झाले, पण शहरातले पहिले कायमचे दगडी नाट्यगृह इ.स.पू. 55 मध्ये उभे राहिले. ज्यांनी लांबच लांब रस्ते आणि जलवाहिन्या बांधल्या, त्यांना प्रेक्षकांसाठी दगडी पायऱ्या बांधणे कठीण नव्हते. मग एवढा विलंब का लागला?

पुराभिलेख (उत्तर)

आपल्या पहिल्या शंकेपुरते लिहितो.

‘स्तोत्रातून शोकांतिका’ हे विधान मुळात ॲरिस्टॉटलचे आहे. डायोनायससच्या सन्मानार्थ गायल्या जाणाऱ्या डिथिरॅम्ब या समूहगीताचे नेतृत्व करणाऱ्यांपासून शोकांतिका निघाली आणि लिंगपूजेच्या मिरवणुकांतील गीतांपासून सुखात्मिका निघाली, असे त्याने ‘काव्यशास्त्रा’त म्हटले आहे. हे लिहिताना तो त्या आरंभकाळापासून सुमारे दोनशे वर्षे दूर होता, हे ध्यानात ठेवलेले बरे. इ.स.पू. 534 च्या सुमारास थेस्पिस नावाचा कवी समूहापासून वेगळा उभा राहून बोलू लागला ही परंपरा प्रसिद्ध आहे, परंतु आज उपलब्ध असलेल्या ‘काव्यशास्त्रा’त थेस्पिसचे नावही येत नाही. म्हणून मी उगमाच्या कथांपेक्षा नाटकांच्या संहितांवर अधिक विसंबतो.

संहितेत सर्वांत बोलका पुरावा भाषेचा आहे. अथेन्सच्या शोकांतिकेत कोरसची, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या समूहाची, गीते डोरिक वळणाच्या बोलीत, गुंतागुंतीच्या गेय छंदांत रचलेली आहेत. पात्रांचे संवाद मात्र अथेन्सच्या स्वतःच्या ॲटिक बोलीत, बहुतांशी आयॅम्बिक छंदात आहेत. एकाच नाटकात, एकाच प्रसंगात, बोली बदलते आणि छंदही बदलतो. डोरिक वळणाची समूहगीते ही संपूर्ण ग्रीक जगात रुजलेली जुनी परंपरा होती, तर आयॅम्बिक छंदात लोकांना उद्देशून बोलण्याची रीत अथेन्समध्ये सोलोन या कायदेकर्त्याने आपल्या राजकीय कवितांतून आधीच रूढ केली होती. यांच्या जोडीला होमरच्या काव्याचे जाहीर पठण होते, ज्यात पठण करणारा अकिलीसचे बोल अकिलीसच्या तोंडचे म्हणूनच म्हणून दाखवीत असे. स्तोत्र हळूहळू ‘वाढून’ नाटक झाले असे मानण्यापेक्षा, गाणारा समूह आणि बोलणारा माणूस या दोन स्वतंत्र परंपरा अथेन्सच्या उत्सवात एकत्र बांधल्या गेल्या असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते. त्या जोडणीचा सांधा सगळ्या ग्रीक शोकांतिकांत शेवटपर्यंत दिसत राहतो.

बोलणाऱ्या माणसाचा वाटा कसा वाढत गेला, हे ॲरिस्टॉटल नेमकेपणाने सांगतो: दुसरा नट एस्किलसने आणला, कोरसचा भाग कमी केला, आणि तिसरा नट सॉफोक्लिसने आणला. इथे एक सावधगिरी हवी. एस्किलसच्या ‘याचिका’ या नाटकात कोरस हेच मुख्य पात्र आहे, आणि तेवढ्यावरून ते सर्वांत जुने नाटक असल्याचे अभ्यासक दीर्घकाळ मानत होते. पुढे 1952 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पपायरसच्या एका तुकड्यावरून असे दिसले, की ज्या स्पर्धेत हे नाटक झाले त्या स्पर्धेत सॉफोक्लिसही उतरला होता. सॉफोक्लिस स्पर्धांत उतरू लागला तो ‘पर्शियन’नंतर, म्हणजे हे नाटकही ‘पर्शियन’च्या नंतरचे ठरले. कोरस मोठा म्हणून नाटक जुने, हे गणित त्या दिवशी मोडले. प्रगतीची सरळ रेषा आखण्याचा मोह उगमाच्या अभ्यासात आवरावाच लागतो.

तिसऱ्या नटाने काय साधले, याचे माझ्या दृष्टीने सर्वांत सुंदर उदाहरण एस्किलसच्या ‘ओरेस्टेइया’ या इ.स.पू. 458 मधल्या नाट्यत्रयीत आहे. दुसऱ्या नाटकात, वडिलांच्या खुनाचा सूड म्हणून आईला मारायला आलेल्या ओरेस्टीससोबत त्याचा मित्र पिलाडीस येतो आणि जवळजवळ संपूर्ण नाटकभर एक अक्षर बोलत नाही. प्रेक्षकांनी त्याला मूक पात्र मानून केव्हाच सोडून दिलेले असते. आई क्लायटेम्नेस्ट्रा समोर उभी राहून आपले स्तन दाखवते, ओरेस्टीसचा हात थबकतो आणि तो विचारतो, “पिलाडीस, मी काय करू?” त्या क्षणी पिलाडीस बोलतो. फक्त तीन ओळी: मग अपोलोच्या कौलाचे काय, शपथांचे काय, सगळी माणसे शत्रू झाली तरी चालतील, देव होता कामा नयेत. पुढे तो पुन्हा बोलत नाही. नटांची संख्या दोनवरून तीनवर गेली ही बाब इतिहासग्रंथांत आकड्यासारखी वाचली जाते. त्या तीन ओळी वाचल्यावर तिचे मोल कळते.

सभास्थान (उत्तर)

दुसऱ्या शंकेचे उत्तर माझ्या मते निःसंशय ‘व्यवस्था’ असे आहे, आणि ती व्यवस्था समजून घेतल्याशिवाय त्या प्रतिभेचेही नीट आकलन होत नाही.

अथेन्समधील महा-डायोनायसिया हा उत्सव वसंताच्या आरंभी होत असे आणि त्याची जबाबदारी नगराच्या मुख्य आर्कनकडे, म्हणजे वर्षभरासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, असे. कवीने त्याच्याकडे अर्ज करायचा आणि आर्कनने त्याला ‘कोरस मंजूर’ करायचा, अशी पद्धत होती. शोकांतिकेसाठी तीन कवी निवडले जात आणि प्रत्येकाला तीन शोकांतिका व एक सॅटिर नाटक (सॅटिर या अर्धपशू वनचरांचा कोरस असलेले हलकेफुलके नाटक) सादर करावे लागे. कोरसच्या शिक्षणाचा आणि पोषाखांचा खर्च कोरेगस म्हणून नेमलेला एखादा श्रीमंत नागरिक उचलत असे. युद्धनौकेचा खर्च उचलण्यासारखेच हे सार्वजनिक कर्तव्य होते. ‘पर्शियन’चा कोरेगस तरुण पेरिक्लीस होता. परीक्षक नगराच्या दहा टोळ्यांमधून (नागरिकांच्या विभागांमधून) चिठ्ठ्या टाकून निवडले जात.

परंतु मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. याच उत्सवात दहाही टोळ्या डिथिरॅम्बच्या स्पर्धेसाठी प्रौढांचा एक आणि मुलांचा एक असे पन्नास-पन्नास जणांचे समूह उतरवीत. म्हणजे दरवर्षी एक हजार नागरिक आणि नागरिकांची मुले केवळ या स्पर्धेसाठी गाणे-नाचणे शिकत. शोकांतिकेचा कोरस आधी बारा आणि सॉफोक्लिसपासून पंधरा जणांचा, तर सुखात्मिकेचा चोवीस जणांचा असे. ही माणसे धंदेवाईक नव्हती. त्यामुळे समोर बसलेल्या प्रेक्षकांपैकी कितीतरी जणांनी कधी ना कधी त्या ऑर्केस्ट्रात, म्हणजे कोरसच्या नाचण्याच्या मोकळ्या जागेत, स्वतः पाऊल टाकलेले असे. असा जाणता प्रेक्षक, वर्षानुवर्षे चालणारी स्पर्धा आणि राज्याचे पाठबळ या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर दोन पिढ्यांत एवढी मजल मारली गेली याचे मला आश्चर्य वाटत नाही.

हे पाठबळ बिनशर्त मात्र नव्हते. इ.स.पू. 494 मध्ये पर्शियनांनी मायलीटस हे मित्रनगर उद्ध्वस्त केल्यानंतर फ्रिनिकस या कवीने त्याच घटनेवर नाटक केले. सगळे प्रेक्षागृह रडले, आणि आपल्याच दुःखाची आठवण करून दिली म्हणून अथेन्सने त्याला एक हजार द्राख्मा दंड ठोठावून ते नाटक पुन्हा करण्यास बंदी केली, असे हिरोडोटस सांगतो. नाटकाने नगराच्या जखमेवर किती जवळून बोट ठेवावे, हा प्रश्न इतक्या आरंभीच उभा राहिला होता. पुढच्या कवींनी बहुतेक वेळा पुराणकथांचा आश्रय घेतला, त्यामागे हा अनुभवही असावा असे मला वाटते. सुखात्मिकेला इ.स.पू. 486 मध्ये उत्सवात अधिकृत स्थान मिळाले आणि तिने मात्र जिवंत पुढाऱ्यांची नावे घेऊन त्यांना झोडपले.

एक गैरसमज दूर करायला हवा. चित्रांमध्ये आपण जे भव्य दगडी ग्रीक नाट्यगृह पाहतो, त्यात एस्किलसचे किंवा सॉफोक्लिसचे नाटक त्यांच्या हयातीत झालेले नाही. ॲक्रॉपोलिसच्या दक्षिण उतारावरील डायोनायससचे नाट्यगृह त्यांच्या काळी प्रामुख्याने लाकडी बाकांचे होते. ते संपूर्ण दगडात बांधून झाले इ.स.पू. 330 च्या सुमारास, लायकर्गस या अथेन्सच्या पुढाऱ्याच्या कारभारात. एपिडॉरसचे प्रसिद्ध नाट्यगृहही चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातले आहे. पाचव्या शतकातील सामग्री साधी होती: मागे लाकडी स्कीनी (रंगमंचामागची इमारत), तिच्या दारातून प्रेते बाहेर आणणारा चाकांचा पाट, आणि देवांना हवेतून उतरवणारी यारी. सुखात्मिकाकार ॲरिस्टोफेनीसच्या ‘शांती’ या इ.स.पू. 421 च्या नाटकात नायक ट्रिगेअस शेणकिड्यावर बसून स्वर्गात निघतो आणि मध्येच घाबरून खाली यारी चालवणाऱ्यालाच सांभाळून घे म्हणून विनवतो. ती यारी कशी डगमगत असेल, हे त्या एका ओळीवरून कळते.

चौथ्या शतकात या व्यवस्थेचा तोल बदलला. शोकांतिकेतील प्रमुख नटाला स्वतंत्र पारितोषिक इ.स.पू. 449 पासूनच मिळू लागले होते; इ.स.पू. 386 पासून जुन्या शोकांतिकांचे पुनःप्रयोगही उत्सवात होऊ लागले. नट गावोगावी फिरू लागले, आणि फिरणाऱ्या नटाबरोबर नगराचा कोरस फिरू शकत नाही. मिनँडर या पुढच्या काळातील कवीच्या सुखात्मिकांच्या संहितेत अंकांच्या मध्ये फक्त ‘कोरसचे गीत’ एवढीच नोंद राहिली. ते गीत कवीने लिहायचे कामच उरले नाही. राजकारण गेले आणि बाप, मुलगा, गुलाम, शेजारी यांच्या घरगुती गोष्टी आल्या. रोमकडे जाणारा रस्ता इथूनच निघतो.

शोधयात्री

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बोलीभेदाचा पुरावा मला ठाऊक नव्हता, आणि पिलाडीसचा प्रसंग तर मी अनुवादात वाचूनही त्यातले मौन माझ्या लक्षात आले नव्हते. सभास्थान यांच्या शेवटच्या परिच्छेदामुळे माझी तिसरी शंका मात्र अधिकच गडद झाली. कोरस वगळता येतो, नाटक घरगुती होते, म्हणून ते रोमला सहज गेले, हे पटते. मग रोमनांनी खरोखर नक्कलच केली का? आणि दगडी नाट्यगृहाचे काय?

लॅटिनवाचक (उत्तर)

नक्कल हा शब्द मला अन्यायकारक वाटतो, आणि त्याला नेमके कारण आहे.

आधी हे लक्षात घ्यावे, की रोमकडे स्वतःचे काहीच नव्हते असे नाही. इ.स.पू. 364 मध्ये साथीचा रोग हटेना तेव्हा देवांना शांत करण्यासाठी एट्रुरियातून नर्तक आणवले गेले आणि तिथून रोममध्ये रंगमंचीय खेळ सुरू झाले, असे रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. कॅम्पानियातून ॲटेलान प्रहसने आली होती. त्यांत मॅकस हा मूर्ख, बुको हा बढाईखोर, पॅपस हा म्हातारा आणि डोसेनस हा लबाड अशी ठरलेली मुखवटेधारी पात्रे असत. दक्षिण इटलीतील ग्रीक नगरांत तर नाटक शतकभराहून अधिक काळ रुजलेले होते. पहिल्या प्यूनिक युद्धानंतर, इ.स.पू. 240 च्या रोमन क्रीडोत्सवात लिव्हियस ॲन्ड्रोनिकसने ग्रीक नाटक लॅटिनमध्ये रचून सादर केले, तेव्हा ते अशा मशागत झालेल्या जमिनीत पडले.

आता नकलेविषयी. रोमन सुखात्मिकाकार प्लॉटसच्या ‘बॅकिडीस’चे मूळ असलेल्या मिनँडरच्या नाटकाचा एक भाग पपायरसवर सापडला आणि 1968 मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. त्यामुळे मूळ आणि लॅटिन रूप प्रथमच काही अंतरापर्यंत शेजारी ठेवून वाचता आले. मिनँडरकडे नायक एकदा बोलतो, वडिलांबरोबर निघून जातो, मध्ये कोरसचा खंड येतो, आणि परत आल्यावर तो पुन्हा मनातले बोलतो. स्वर संयत आणि दुखावलेला आहे. प्लॉटसने तो खंड काढून टाकला, दोन स्वगतांचे एक केले आणि नायकाच्या तोंडी स्वतःचेच वाक्य फिरवून टाकणारे विनोद घातले. मिनँडरच्या सायरस या गुलामाचे नाव त्याने क्रिसॅलस केले, आणि हा क्रिसॅलस रंगमंचावर येऊन फुशारकी मारतो, की दोन-तीन नाणी लांबवणारे ते पार्मेनो आणि सायरस आपल्याला मुळीच पसंत नाहीत! मूळ नाटकातल्या स्वतःच्याच नावाला तो हिणवतो आहे. शिवाय प्लॉटसने बासरीसदृश टिबियाच्या साथीने गायचे भाग भरपूर वाढवले. ग्रीक सुखात्मिकेने गमावलेले संगीत त्याने कोरसकडून काढून पात्रांच्या गळ्यात घातले. याला मी पुनर्रचना म्हणेन, आणि ती अत्यंत आत्मविश्वासाने केलेली आहे.

व्यवस्थाही अगदी वेगळी होती. रोममध्ये कवींची स्पर्धा नव्हती. उत्सवाचे अधिकारी नटमंडळीच्या प्रमुखाकडून नाटक घेत, आणि नाटक हा अनेक खेळांपैकी एक खेळ असे. प्लॉटसनंतरच्या टेरेन्स या नाटककाराच्या ‘हेकिरा’चे प्रास्ताविक वाचावे: पहिल्या वेळी, इ.स.पू. 165 मध्ये, मुष्टियोद्धे आणि दोरीवरचा डोंबारी यांच्या वार्तेने प्रयोग उधळला. दुसऱ्या वेळी, इ.स.पू. 160 मध्ये, एमिलियस पॉलसच्या अंत्यक्रीडांत, तलवारबाजांचा खेळ होणार अशी आवई उठली आणि लोक जागेसाठी भांडू लागले. तिसऱ्या वेळी कुठे ते पूर्ण झाले. ग्रीक नट नागरिक असे आणि कधी कधी नगराचा राजदूतही होई, तर रोममधील नट बहुधा गुलाम किंवा मुक्त केलेला गुलाम असे आणि त्याच्या व्यवसायाला कायद्यानेच कलंक लावलेला होता. रॉशियससारख्या नटाने सिसेरो या वक्त्या-मुत्सद्द्याची मैत्री मिळवली, पण तो अपवाद होय.

दगडी नाट्यगृहाचा विलंब हा तांत्रिक नव्हता, राजकीय होता. इ.स.पू. 154 च्या सुमारास असे नाट्यगृह बांधले जात असताना सिपिओ नासिकाच्या आग्रहावरून सेनेटने ते पाडायला लावले. ग्रीक ऐषाराम रोमन चारित्र्याला बाधक आहे, हे जाहीर कारण होते. खरे कारण मला वेगळे दिसते. ग्रीक नगरांत नागरिकांच्या सभाही नाट्यगृहात, बसून भरत. रोममध्ये लोकसभा उभ्याने होत आणि सेनेटला ते तसेच हवे होते. हजारो माणसे बसू शकतील अशी कायमची जागा म्हणजे सेनेटच्या हाताबाहेरची सभा. ही भीती निराधार नव्हती. इ.स.पू. 59 मध्ये डिफिलस या नटाने एका शोकांतिकेतील “आमच्या दुःखावर तू महान झालास” ही ओळ पॉम्पी या बलाढ्य सेनापतीला लागू पडेल अशा रीतीने म्हटली आणि प्रेक्षकांनी ती पुन्हा पुन्हा म्हणायला लावली. सिसेरोने हे आपल्या पत्रात कळवले आहे. पॉम्पीला ‘महान’ ही पदवी होती, आणि ओळीतही तोच शब्द होता.

त्याच पॉम्पीने इ.स.पू. 55 मध्ये मार्सच्या मैदानावर पहिले दगडी नाट्यगृह उभारले. प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या माथ्यावर, मध्यभागी, त्याने व्हीनसचे मंदिर बांधले. पायऱ्या या जणू त्या मंदिराच्याच आहेत असे म्हणायला त्यामुळे जागा राहिली. काँक्रीट आणि कमानी यांमुळे डोंगराच्या उताराची गरज उरली नव्हती. ऑर्केस्ट्रा अर्धवर्तुळाकार झाला आणि तिथे सेनेटर बसू लागले. त्यामागच्या चौदा रांगा इ.स.पू. 67 च्या रॉशियन कायद्याने अश्वारोही वर्गाला, म्हणजे सेनेटरांखालोखालच्या श्रीमंत वर्गाला, दिलेल्याच होत्या. पूर्वी जिथे कोरस नाचत होता, तिथे आता सत्ताधारी बसले होते.

पुराभिलेख

लॅटिनवाचक यांच्या विवेचनाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु सेनेटच्या भीतीला मी थोडे कमी वजन देईन. तात्पुरत्या रंगमंचात उत्सवाच्या अधिकाऱ्यांचा थेट स्वार्थ होता. दर वर्षी नवा मांडव म्हणजे दर वर्षी मतदारांपुढे नवे प्रदर्शन. इ.स.पू. 58 मध्ये स्कॉरस या अशाच अधिकाऱ्याने केवळ काही दिवसांसाठी संगमरवर, काच आणि सोनेरी मुलामा वापरून तीन मजली रंगपीठ उभारल्याचे थोरला प्लिनी सांगतो. त्याने दिलेले स्तंभांचे आणि आसनांचे आकडे अतिशयोक्त असतील, पण हेतू स्पष्ट आहे. कायमचे नाट्यगृह एकाच्या नावावर जमा झाले असते आणि बाकीच्यांची संधी बुडाली असती, म्हणून कोणालाच ते दुसऱ्याच्या हातून होऊ द्यायचे नव्हते. अखेर ते त्यानेच बांधले, ज्याला अडवण्याइतकी ताकद इतरांत उरली नव्हती.

आणखी एक मुद्दा जोडतो. नाट्यगृहे बांधली गेली तेव्हा त्यांत खेळायचे नाटक बदलले होते. इ.स.पू. 22 च्या सुमारास पायलॅडीस आणि बॅथिलस यांनी रोममध्ये पँटोमाइम लोकप्रिय केले: बंद ओठांचा मुखवटा घातलेला एकच नर्तक सगळ्या भूमिका करतो आणि शोकांतिकेचे शब्द बाजूला उभा असलेला समूह गातो. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाच्या शोकांतिका रंगमंचावर झाल्या की केवळ वाचल्या गेल्या, हा वाद अजून चालू आहे. पण ओरांझपासून आस्पेंडॉसपर्यंतच्या भव्य रोमन नाट्यगृहांत बहुतेक प्रेक्षक माइम (मुखवट्याविना केलेली प्रहसने) आणि पँटोमाइम पाहायला येत, यात शंका नाही. अथेन्समधील डायोनायससच्या नाट्यगृहात आज ऑर्केस्ट्राभोवती जो संगमरवरी कठडा दिसतो, तो याच रोमन काळातला आहे. तिथे तलवारबाजांच्या झुंजी होऊ लागल्या होत्या आणि पुजाऱ्यांच्या आसनांमध्येच कित्येकदा माणूस मारला जातो, अशी तक्रार डिओ क्रिसोस्टोम या ग्रीक वक्त्याने आपल्या भाषणात केली आहे.